ताईची खुर्ची : कामाच्या नोंदी

२ मार्च

काम : ताईसाठी घरात बसायची एक खुर्ची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होण्याचा आजार. घरात आम्ही नुसतं एमएस म्हणतो. उजवा पाय कडक, पंजा उचलला जात नाही म्हणून स्प्लिंट. उजव्या हाताची पकड सकाळी ठीक, संध्याकाळी सैल. अनुदानित शाळेत मराठी शिकवते. सध्या शाळा सकाळची, म्हणजे घरातलं बसणं दुपारी एकपासून पुढे, आणि नेमका तोच तिचा थकण्याचा वेळ.

घरात आहे त्या सगळ्या बैठकांची मापं घेतली. सोफ्याची उंची १५ इंच, माणूस बसल्यावर १२ उरते, खोली २३ इंच. ताई त्यात बसली की भाऊजींनी दोन्ही हात दिल्याशिवाय निघत नाही. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या १८ इंच, त्यांना हात नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची तिच्या मते त्यातल्या त्यात बरी, कारण हात आहेत आणि बसायची जागा टणक आहे. पण उठताना जोर दिला की टाइल्सवर मागे सरकते.

बाबांची सागवानी आरामखुर्ची राहिली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अहो, हिला ती द्या ना बसायला." सगळ्यांत वाईट तीच. कापडाच्या झोळीत कंबर खाली जाते, गुडघे वर येतात, आणि त्यातून बाहेर यायला पोट आणि मांड्या यांची ताकद लागते. ताईकडे कमी आहे ती हीच.

तिला विचारलं, कशी हवी? म्हणाली, "मऊबिऊ राहू दे. बाथरूमला जायचं लक्षात आलं की माझ्याकडे दोन मिनिटं असतात, त्यातलं एक उठण्यात जातं. तेवढं वाचव." एमएसमध्ये मेंदू आणि मूत्राशय यांच्यातले निरोप बिघडतात, घाई अचानक लागते आणि थांबवता येत नाही. डॉक्टरांनी हे कधीच सांगितलं होतं, पण खुर्चीचा त्याच्याशी संबंध मी जोडला नसता. वहीत पहिली ओळ लिहिली : उठायला झटपट. आराम दुसऱ्या ओळीवर.

५ मार्च

ताईची मापं. मुद्दाम दोनदा घेतली, रविवारी सकाळी आठला आणि आज संध्याकाळी पाचला. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत अनवाणी साडेपंधरा इंच. पाठीपासून त्याच खोबणीपर्यंत १८ इंच. बसल्या जागेपासून कोपरापर्यंत सकाळी साडेआठ, संध्याकाळी आठ. अर्धा इंच कुठे गेला? ती खचून बसते, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो. बाजारातल्या खुर्च्या सकाळच्या ताईला होतात, संध्याकाळच्या ताईला होत नाहीत. आपली खुर्ची पाचच्या मापाने करायची.

दुसरी गोष्ट पादत्राणांची. परदेशी मार्गदर्शनात बसायची उंची बुटासकट धरतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर. स्प्लिंट घरात अनवाणी घालता येत नाही, घसरते. म्हणून तिने घरात वापरायला वेगळे पट्ट्यांचे सँडल घेतले आहेत. त्यांच्यासकट टाचेपासूनचं माप साडेसोळा येतं. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर.

९ मार्च

उंचीचं भांडण सुरू. उठायला बैठक जितकी उंच तितकं सोपं, हे कोणीही सांगेल. म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्लायचे तुकडे रचून १९ इंचांवर बसवून पाहिलं. उठली छान. पण बसल्यावर टाचा अधांतरी राहिल्या, जमिनीला फक्त चवडे टेकले, आणि उजवा पाय थरथरायला लागला. घोटा सेकंदाला पाच-सहा वेळा खाली-वर, त्याबरोबर गुडघा टेबलाच्या खालच्या पट्टीवर टकटक आपटतोय, टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी हिंदकळतंय. ताईने हाताने गुडघा दाबून टाच जमिनीला टेकवली, पाय शांत.

याला क्लोनस म्हणतात. पोटरीचा स्नायू ताणला की तो उलट आखडतो, पुन्हा ताणला जातो, पुन्हा आखडतो. वरून मेंदूचा लगाम सैल झालेला असला की हे चक्र थांबत नाही. चवड्यावर दाब आला की सुरू, टाच पूर्ण टेकली की बहुतेक वेळा बंद.

म्हणजे बसताना कमी उंची हवी आणि उठताना जास्त. पायाखाली पाट हा भाऊजींचा तोडगा. मी नको म्हटलं : उठताना तो आधी सरकवावा लागेल, आणि पंजा लोंबणाऱ्या माणसाच्या वाटेत पाट ठेवणं म्हणजे पडण्याला आमंत्रण.

१६ मार्च

शोरूममध्ये विजेवर उठवणारी खुर्ची पाहिली. बटण दाबलं की अख्खी बैठक मागून वर येते आणि माणसाला जवळजवळ उभं करते. कल्पना उत्तम, ज्यांना नुसतं उठण्याचं दुखणं आहे त्यांनी जरूर बघावी. ताईसाठी तीन अडचणी. बैठकीची खोली २१ इंच, तिला पाठ टेकवावी तर पाय वर जातात. पायाची फळी पुढे आली की गुडघे सरळ होतात, आणि गुडघे सरळ झाले की तिचा उजवा पाय काठीसारखा ताठ होऊन सुटत नाही. तिसरी अडचण तिनेच सांगितली : "उठवते छान, पण फार सावकाश उठवते रे." विक्रेता समजून हसला, पण तिने विनोद केला नव्हता. शिवाय वरून पूर्ण रेक्झिन. नागपूरच्या मे महिन्यात रेक्झिन! परत आलो.

२३ मार्च

लकडगंजला मिस्त्रीकाकांकडे. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये मी लोखंडाची चौकट बनवू शकलो असतो, पण ताईला दवाखान्यासारखं काही घरात नको. सागवान ठरलं. एका जुन्या वाड्याच्या चौकटीचं लाकूड त्यांच्याकडे होतं, पूर्ण वाळलेलं.

वाद एकाच गोष्टीवर झाला. उठताना टाचा गुडघ्यांच्या मागे, बैठकीखाली ओढून घ्याव्या लागतात. मग धड पुढे, नाक पायाच्या बोटांच्या वर, आणि मग उठायचं. टाचा मागे जायला बैठकीखाली मोकळी जागा हवी, म्हणून पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी मी काढायला सांगितली. काका म्हणाले, "पट्टी काढाल त खुर्ची हालनच ना जी. सहा महिन्यांत सांधे ढिल्ले." त्यांचं चुकीचं नव्हतं, कारण ही खुर्ची रोज हातांवर भार टाकून ढकलली जाणार. तोडगा त्यांनीच काढला : दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणाऱ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी मागे सरकवलेली, इंग्रजी एच अक्षरासारखी. पुढे सात इंच मोकळे. वरची चौकट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त जाड धरली.

३१ मार्च

फिजिओ मॅडम घरी आल्या, वही दाखवली. त्यांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या.

एक, पाठ. मी पाठ थेट बैठकीपासून वर नेली होती. त्या म्हणाल्या, खालचे पाच इंच मोकळे सोडा. नितंब त्या फटीत मागे गेले की कंबर सरळ बसते, नाहीतर पाठीचीच फळी त्यांना पुढे ढकलते आणि माणूस घसरत माकडहाडावर येऊन बसतो. पाठीचा कल सरळपेक्षा जरासाच मागे, दहा अंश.

दुसरी गोष्ट गोळीची. ताई बॅक्लोफेन घेते, कडकपणा कमी करायला. मॅडम म्हणाल्या, खुर्ची तपासताना गोळीची वेळही लिहा. कारण कडकपणा हा नुसता शत्रू नाही. अशक्त पायाला उभं राहायला तो थोडा कामाला येतो. गोळीचा असर भरात असताना पाय सुटा असतो, बसायला सुख, पण उठताना गुडघा दुमडतो. दोन्ही वेळा उठून पाहायचं.

मागे कलणाऱ्या खुर्चीचाही विषय निघाला. नुसती पाठ मागे पडते तिच्यात कातडी एकीकडे आणि हाडं एकीकडे ओढली जातात, शिवाय मांडी आणि धड यांमधला कोन उघडला की ताईचा पाय ताठतो. कलवायचंच तर बैठक आणि पाठ एकत्र कलली पाहिजे. पुढच्या पायांखाली दोन इंची ठोकळे ठेवून पाहिलं, साधारण सात अंश. तिला दुपारी ते आवडलं. उठणं मात्र महाकठीण, आणि दुपारी घरात ठोकळे काढायला कोणी नसतं. विषय बंद. झोपायला पलंग आहे. एका खुर्चीत सगळं कोंबायचा हट्ट करणारे लोक शेवटी वर्कशॉपमध्येच बसून राहतात.

१२ एप्रिल

चौकट उभी राहिली. बैठकीची रुंदी १७, खोली साडेसोळा, म्हणजे गुडघ्यामागे दोन बोटं आत जातात. हात बैठकीपासून नऊ इंच वर आणि बैठकीच्या कडेच्या दीड इंच पुढे आलेले, टोकाला गोल मूठ. ताईची पकड सैल होते तेव्हा ती तळवा ठेवून ढकलते, म्हणून मुठीचा वरचा भाग काकांनी रंध्याने थोडा सपाट केला. पायांना कुबडीची रबरी बुचं बसवली, धंतोलीत सर्जिकलच्या दुकानात सुटी मिळतात. टाइल्सवर ढकलून पाहिलं, जागची हलली नाही.

२० एप्रिल

गादी. इतवारीतल्या फोमवाल्याला मी सांगायच्या आत त्याने मेमरी फोम काढून ठेवला. पाठदुखी म्हटलं की हल्ली सगळे तोच देतात. तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, आकार धरतो आणि उष्णता धरून ठेवतो. इथे चव्वेचाळीस अंशांत तो आधीच मऊ असणार. शिवाय त्यात रुतलेल्या माणसाला कूस बदलायला जोर लागतो. नको म्हटलं.

घेतलं ते असं : खाली बारा मिलिमीटरचं प्लाय, त्याला हवेसाठी भोकं. त्यावर एक इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला टणक थर), त्यावर दोन इंच ४० डेन्सिटीचा एचआर फोम, दाबल्यावर लगेच उसळणारा. रिकामी असताना बैठकीची उंची साडेसतरा, ताई बसल्यावर साडेसोळाच्या किंचित वर, आणि धड पुढे घेऊन भार पायांवर गेला की फोम तिला थोडं वर देतो. उंचीचं भांडण पूर्ण मिटलं नाही, तडजोड झाली.

वरचं कव्हर सुती, धुता येणारं, आत पातळ वॉटरप्रूफ कापड. ताईनेच सांगितलं, न लाजता. पण वॉटरप्रूफ कापडामुळे घाम अडणार. त्यावर उपाय म्हणून बाइकच्या सीटवर टाकायची जाड जाळी घेतली, ऊन तापल्यावर चौकाचौकात विकायला येते ती. वॉटरप्रूफ आणि सुती कापडाच्या मध्ये तिचा एक थर. दाबली तरी थोडी हवा खेळती राहते.

पाठीला वेत. पूर्वी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांना असे तसाच. त्या खुर्च्या विणण्याचं काम बऱ्याच ठिकाणी अंध कारागीर करत. बैठकीलाही वेत करावा असं काकांचं म्हणणं होतं, पण वेत पुढे झोळी धरतो, आणि झोळीचा अनुभव आरामखुर्चीत घेऊन झाला आहे.

४ मे

ताई बसली. गोळीनंतर तासाभराने एकदा, गोळीच्या आधी एकदा, पाचला एकदा. तिन्ही वेळा कोणाचा हात न धरता उठली, पाचला दुसऱ्या झोक्यात. उजवा पाय थरथरला नाही. पाऊण तास बसल्यावर उजवीकडे कलायला लागली. उजव्या हाताखाली चार सूत जाड फोमची पट्टी लावली तेव्हा सावरली.

एक काम राहिलं. ती वह्या तपासायला लागली आणि लगेच थांबली. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट जातो. मानेतल्या मज्जारज्जूवर एमएसचा डाग असला की असं होतं, लर्मितचं लक्षण म्हणतात. खुर्ची कितीही बरी असली तरी वही सपाट टेबलावर असेल तर मान वाकणारच. वर्कशॉपमधून उतरती फळी करून आणली, खाली पट्टी म्हणजे वही घसरत नाही. सगळ्या प्रकल्पात सगळ्यांत कमी वेळ हिला लागला आणि सगळ्यांत जास्त कौतुक हिचंच.

२७ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. खुर्चीत काही बिघाड नाही, पण काल ताईला उठता आलं नाही. डोळ्यांसमोर धूसर, पाय लोण्याचे. कूलरची मोटर बंद पडली होती आणि भाऊजी बाजारात. कूलर सुरू करून, ओला टॉवेल मानेवर ठेवून अर्ध्या तासाने ती आपापली उठली.

जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं : एमएसच्या रुग्णांना श्रमाने दृष्टी तात्पुरती मंद होते. पुढे कळलं की कारण अंगाचं तापमान वाढणं. मायलिनचं आवरण गेलेल्या मज्जातंतूतून संदेश कसाबसा जात असतो, अर्ध्या अंशाने ताप वाढला तरी तो अडतो. अंग थंड झालं की पुन्हा सुरू. नवीन अटॅक नव्हे, पण माणूस घाबरतो.

खुर्चीची जागा बदलली. पश्चिमेच्या खिडकीजवळ होती, टीव्ही तिथे म्हणून. आता आतल्या खोलीत, कूलरच्या झोतात, बाथरूमच्या दारापासून आठ पावलांवर. वाटेतलं पायपुसणं काढलं. खिडकीला वाळ्याचा पडदा. टीव्हीबद्दल ताई म्हणाली, "तसंही त्यात काय असतं?" भाऊजी गप्प.

८ जून

आता ती बराच वेळ बसते, म्हणून नवी काळजी. तिला मांडीखाली संवेदना कमी आहे. तुम्ही-आम्ही नकळत चुळबुळ करतो कारण टोचतं, तिला टोचतच नाही. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर. वाजला की कोपरं मांडीवर टेकून पुढे वाकायचं, मग एकेका बाजूला कलायचं, दर वेळी दोनेक मिनिटं. रात्री भाची आरशाने कातडी बघते. लाल डागावर बोट दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला तर ठीक. फिका पडलाच नाही तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. आतापर्यंत डाग नाही.

१५ जून

पाऊस आला, हवेत दमटपणा. कूलर आता नुसतं दमट वारं फेकतो, घाम वाळत नाही. जाळीच्या थराचा उपयोग आत्ता खरा कळतोय. आतल्या खोलीत एसी घ्यायचं ठरलं, भाऊजींनी यावेळी वाद घातला नाही.

एका लग्नाला जाण्यासाठी ताईच्या फोल्डिंग व्हीलचेअरचंही काम केलं. दुकानातली ठरीव १८ इंची, ताईला सैल, आणि बैठक झोळीची. प्लायची फळी घालून वर गादी, दोन्ही कडांना फोम. तीन तास नीट बसली. एवढंच, ती वापरते क्वचित.

२२ जून

उद्या शाळा उघडते. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आता शाळेतली खुर्ची.

मुख्याध्यापिकांना गेल्या वर्षी तोंडी सांगितलं होतं, "बघू" हे उत्तर मिळालं. या वेळी लेखी अर्ज. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची आहे, आणि त्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडली. अर्जात "आरामदायी खुर्ची" असं ताईने लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. आराम म्हटलं की लोकांना चैन वाटते. त्याऐवजी मापं लिहिली : उंची, खोली, हात किती पुढे, पायांना रबर.

अर्ज मंजूर झाला, खुर्ची आपण बनवून द्यायची, शाळेचा खर्च ठरावीक. वर्ग तळमजल्यावर दिला आहे. ताईचं आणखी एक मागणं आहे : फळ्याजवळ टेकून शिकवायला उंच स्टूल, पूर्ण बसायचं नाही, अर्धं उभं राहायचं. मिस्त्रीकाकांशी बोललो. बैठक २४ इंचांच्या आसपास, पुढे उतरती, दोन्ही बाजूंना हात. काका विचारत होते, स्टुलाला हात काऊन जी? म्हटलं, लावाच. शाळेत तिच्या पायात बूट असतात, म्हणून घरची मापं चालणार नाहीत. मंगळवारी शेवटचा तास सुटल्यावर टेप घेऊन शाळेत जाणार आहे.